टाचलेलं कार्ड

"तुमचा नवरा कुठे आहे?"

"बाहेर."

"तुम्हाला न्यायला आलाय?"

"हो."

इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते. निरंजन खरोखरच बाहेर उभा होता, आणि त्याच्याबरोबर आमची मिहिका होती. खोटा होता तो एकच शब्द, नवरा. तो मी उच्चारला नव्हता, टेबलामागच्या बाईंनी उच्चारला होता. मी फक्त तो तसाच राहू दिला.

मानेला खाज सुटली होती.

*

थांबा, आधी ती खोली सांगते.

अमेरिकेतल्या एका मोठ्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेतून ज्यांना बाजूला काढतात, त्यांना बसवायची खोली. खिडकी नाही. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एकानं पाय हलवला की सगळी रांग हलायची. भिंतीवर फोनवर काट मारलेलं चित्र. समोर उंच टेबल. टेबलामागे गणवेशातल्या बाई, वयानं माझ्या आईएवढ्या, चष्मा साखळीनं गळ्यात लटकलेला, सर्दीनं नाक लाल झालेलं. छातीवर त्यांचं नाव होतं. ते मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचलं आणि आज ते आठवत नाही.

बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. पण इतक्या वर्षांनी त्या बाई माझ्या डोक्यात मराठीतच बोलतात, तेही आमच्या मिरजेकडच्या, आणि मी त्यांना अडवत नाही.

माझं कार्ड त्यांच्या हातात होतं. ग्रीन कार्ड. तिथं कायमचं राहायचा परवाना. ते मला निरंजनच्या नोकरीतून मिळालं होतं. त्याच्या कंपनीनं त्याच्यासाठी अर्ज केला, बायको म्हणून माझं नाव त्यात गेलं, आणि दोघांची पाकिटं एकाच दिवशी आली. तेव्हा मिहिका पाळण्यात होती. निरंजननं दोन्ही कार्डं एकावर एक धरली आणि म्हणाला, "हे बघ उल्का. तुझं कार्ड माझ्या कार्डाला टाचलेलं आहे. टाचणी निघाली की तुझं खाली."

आणि अंगठ्याचं नख बोटाच्या नखावर आपटून त्यानं टाचणी उपटल्याचा आवाज काढला.

टक्.

आम्ही दोघंही हसलो. मी जास्त हसले.

आता टाचणी निघाली होती. घटस्फोट होऊन उन्हाळा लोटला होता.

*

"भुंडा गळा घेऊन उभी राहणार त्यांच्यापुढं?" शालनमावशीनं विचारलं.

हे मिरजेत, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई खुब्याचं हाड मोडून पडली म्हणून मी महिन्यासाठी आले होते. खुबा बसवला, मग मूत्रपिंडं दमली, मग एकेक करत सगळंच. आई गेली तोवर वर्ष भरत आलं होतं. मधल्या काळात निरंजननं तिकडच्या कोर्टात अर्ज केला होता. सुनावणीला मी मावशीच्या स्वयंपाकघरातून फोनवर हजर राहिले, कारण घरात तेवढ्याच जागी नेटवर्क यायचं. मागे मावशी फोडणी न देता थांबून राहिली होती.

"मावशी, त्यांना काय कळतंय गळ्यातलं?"

"का? बोटांचे ठसे घेतात, डोळ्यात यंत्र घालून बघतात, आणि गळा तेवढा बघायचा सोडतात होय?"

"माझा घटस्फोट झालाय."

"तो मला ठाऊक, तुला ठाऊक. त्यांना कशाला सांगायला जातीस? कार्ड कुणामुळं मिळालं?"

"निरंजनमुळे."

"मग! समोरच्या आरवाड्यांच्या सुनेचं बघितलंस ना? सोडचिठ्ठीचा कागद हातात पडायच्या आत सासऱ्यानं रेशनकार्डावरनं नाव कमी करून आणलं. तिथं काय वेगळं असणार? सरकार ते सरकार."

मला हसू आलं होतं. पण मग मावशीनं पदराआडून कागदाची पुडी काढली. बाजारातून आणलेलं खोटं मंगळसूत्र. काळे मणी, दोन वाट्या, सोन्याहून जास्त पिवळं. माझं खरं मी तिकडच्या घरातल्या कपाटात ठेवून आले होते आणि ते आता माझं नव्हतं.

"एवढं दार ओलांडेपर्यंत घाल," ती म्हणाली. "ओलांडलंस की टाक काढून."

ती चेष्टा करत नव्हती. तिनं घटस्फोटाचा निकाल आईच्या जुन्या इरकलीत गुंडाळला आणि माझ्या हातातल्या बॅगेत तळाशी दाबला. "हे त्यांच्या नजरेस पडता कामा नये."

त्या निकालात एक ओळ होती आणि ती आम्हा दोघींना पाठ होती. मिहिकानं एक आठवडा बापाकडे राहावं, एक आठवडा आईकडे. मात्र आई शाळा सुरू होण्याआधी परतून त्याच गावात राहायला लागली तर. नाहीतर मुलगी बापाकडे.

शाळा पुढच्या सोमवारी सुरू होत होती.

त्याच संध्याकाळी निरंजनचा फोन आला. "तू उतरशील गं," तो म्हणाला, "पण बाहेर येशील की नाही, मला शंका आहे. मिहिकाला फार आशा लावून ठेवू नकोस."

मग पलीकडून आवाज आला. लाइन चांगली होती, स्पष्ट ऐकू आला.

टक्.

मी आरशासमोर जाऊन ते खोटं मंगळसूत्र गळ्यात घातलं.

*

"भारतात कधीपासून होतात?"

"वर्षाला थोडे दिवस कमी आहेत."

"एवढा काळ का?"

"आई आजारी होती."

"आता कशी आहे?"

"गेली."

"सॉरी," बाई म्हणाल्या आणि त्यांना शिंक आली. नाक पुसून त्यांनी पुन्हा चष्मा चढवला. "म्हणजे आता तिकडे परत जायचं काही कारण उरलं नाही."

"नाही."

"मग इकडे यायचं काय कारण आहे?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला होता, बसमध्ये शेजारीण विचारते तसा. उत्तरही साधं होतं. मिहिका. पण मिहिकाचं नाव काढलं की निकाल आला, निकाल आला की घटस्फोट आला, घटस्फोट आला की टाचणी. मी वाक्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मनातल्या मनात चालत गेले आणि परत फिरले.

"मी इथंच राहते," मी म्हणाले.

"घर आहे?"

उत्तर :

(घर निरंजनच्या नावावर होतं. माझ्यासाठी हेमांगी नावाच्या मैत्रिणीनं तिच्या तळघरात एक खाट टाकून ठेवली होती. हे घर आहे का, मला ठरवता येईना.)

"नोकरी?"

"शाळेत मदतनीस होते. आईसाठी सुट्टी वाढवत गेले, मग त्यांनी दुसरं माणूस घेतलं."

"हं."

त्यांनी कार्ड टेबलावर उपडं ठेवलं. मानेवर आता नुसती खाज नव्हती, जळत होतं. मी दोन बोटं कॉलरमध्ये घातली.

"बसा. मी हाक मारीन."

*

मला पुन्हा हाक मारायच्या आधी त्यांनी एका तेलुगू आजोबांना बोलावलं. अंगात स्वेटर, पायात सँडल, हातात औषधांची प्लास्टिकची पिशवी. त्यांना काय विचारलं ते ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की त्यांच्यापुढं एक कागद सरकवला गेला, त्यांनी तो न वाचताच सही केली, आणि त्यांचं कार्ड टेबलाच्या खणात गेलं. खण बंद झाला. मग त्यांना दुसऱ्या दारानं बाहेर सोडलं.

जाताना ते माझ्याजवळ थांबले. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू होतं. "साइन कर दो बेटी," म्हणाले. "अच्छे लोग हैं. छोड़ देते हैं."

"आपका कार्ड?"

"वो रख लिया. अब मेहमान जैसा आना, बोले." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बेटे के घर में मेहमान ही तो हूँ."

ते गेले. जोडलेल्या खुर्च्या थोडा वेळ हलत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं, त्या माझ्याच पायानं हलत होत्या.

*

मग मला हाक आली. आता पुन्हा सुरुवातीला येते.

"तुमचा नवरा कुठे आहे?"

"बाहेर."

"तुम्हाला न्यायला आलाय?"

"हो."

"म्हणजे त्यांच्याबरोबर राहणार. त्यांच्याच घरी."

"हो."

झालं. हे मात्र माझं होतं. पहिलं पूर्ण खोटं, माझ्या तोंडचं, गणवेशातल्या माणसासमोर.

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला आणि मानेत धरला. "नंबर सांगा त्यांचा. दोन मिनिटं बोलते. तुम्ही त्यांच्याबरोबरच राहता एवढं ते म्हणाले की तुम्ही मोकळ्या."

मला नंबर पाठ होता. लग्नानंतर पाठ केलेला एकमेव नंबर. मी सांगू लागले. एकेक आकडा त्या दाबत गेल्या. निरंजन फोन उचलेल. शांतपणे ऐकून घेईल. आणि मग खरं सांगेल, कारण खरं सांगण्यात त्याला काहीच तोटा नव्हता. तो म्हणेल, आमचा घटस्फोट झालाय, मॅडम. शेजारी मिहिका उभी असेल, सरकत्या दाराकडे डोळे लावून. सोमवारी शाळा.

अर्ध्या नंबरावर माझा आवाज बंद पडला.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे माझ्या गळ्यावर थांबले. शालनमावशी मला हजारो मैलांवरून दिसली. त्यांना सगळं कळतं, ती म्हणत होती.

"काढा ते," बाई म्हणाल्या.

"काय?"

"गळ्यातलं ते. रक्त आलंय तुमच्या मानेवर. मघापासून बघतेय मी, खाजवताय. स्वस्तातले दागिने माझ्या मुलीलाही सोसत नाहीत." त्यांनी सर्दीसाठी ठेवलेल्या खोक्यातून एक टिशू ओढून टेबलावर पसरला. "काढा. इथं ठेवा."

माझे हात वर गेले आणि मानेमागे थांबले.

आमच्याकडे बाई आपल्या हातानं ते काढत नाही. हे मुलीची जात आईच्या दुधाबरोबर शिकते. मी तर कायदेशीर मोकळी बाई होते, गळ्यातलं खोटं होतं, समोरच्या बाईंना ते काय आहे याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी ती माळ होती. खाज आणणारी माळ. तरी माझी बोटं फासकीवरून घसरत होती. फासकी केसात अडकली. शेवटी दोन-चार केसांसकट ते निघालं, आणि मी ते टिशूवर ठेवलं. काळ्या मण्यांचं एवढंसं गाठोडं. इतकी छोटी वस्तू होती ती.

"मघाशी मी हो म्हणाले," मी म्हणाले, "ते खोटं होतं."

बाईंनी मानेतला रिसीव्हर हातात घेतला.

"बाहेर आहे तो माझा नवरा नाही. आमचा घटस्फोट झालाय. तो माझ्या मुलीचा बाप आहे."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. फार हळू ठेवला. खोलीत कुणाचाच पाय हलत नव्हता.

"मग खोटं का बोललात?"

"कार्ड त्याच्यामुळे मिळालं होतं. घटस्फोट झाला की ते जातं."

"असं कोण म्हणालं?"

मी तोंड उघडलं, आणि कुणाचं नाव घ्यावं ते कळेना. मावशीचं? आरवाड्यांच्या सुनेच्या सासऱ्याचं?

बाईंनी कार्ड उचललं, सरळ केलं, चष्म्याखालून पाहिलं. "लग्न नवं असताना नवऱ्याच्या अर्जावर दोन वर्षांचं कार्ड देतात, त्यात भानगडी असतात. हे तसलं नाही. हे नोकरीच्या वर्गातलं, दहा वर्षांचं. त्यांचं त्यांना दिलं, तुमचं तुम्हाला दिलं. ज्या दिवशी दिलं त्या दिवसापासून हे तुमचं आहे. तुम्ही लग्न मोडा, दुसरं करा, तिसरं करा. मला त्याच्याशी काय करायचंय?"

मला आनंद व्हायला हवा होता. मी टेबलाची कड धरली.

*

न विचारलेला प्रश्न : मग इतकी वर्षं का राहिलीस?

मिहिका दोन वर्षांची होती. कपडे धुवायच्या मशीनमागे मी एक सुटकेस भरून ठेवली होती. तिचे लोकरीचे मोजे, माझे दोन ड्रेस, पासपोर्ट. हेमांगीला फोन करून झाला होता, ती गाडी घेऊन निघाली होती. निरंजन दारात येऊन उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही. त्यानं कधीच हात उगारला नाही, हे तो लोकांना अभिमानानं सांगतो. त्यानं सुटकेसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

टक्.

मी हेमांगीला परत पाठवलं. मोजे पुन्हा खणात ठेवले.

पुढे पुढे त्याला बोलावंही लागत नसे. मी आईशी फोनवर जास्त वेळ बोलले, टक्. शाळेतल्या नोकरीबद्दल त्याला उशिरा कळलं, टक्. गाडी चालवताना मी एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले, स्टिअरिंगवरच टक्. आईचं हाड मोडलं तेव्हा मात्र मी निघाले. विमानात सगळी वाट मला तोच आवाज येत होता. कुणीतरी पट्टा लावत होतं, कुणीतरी पट्टा सोडत होतं.

मिहिका दोन वर्षांची असल्यापासून नऊ वर्षांची होईपर्यंत.

आणि टाचणी कधी नव्हतीच.

*

"ऐका," बाई म्हणाल्या. "घटस्फोटाचं सोडा. माझी अडचण वेगळी आहे. हे कार्ड इथं राहणाऱ्यासाठी असतं. तुम्ही वर्षभर बाहेर. आधी परवानगी काढली नाही. घर नाही. नोकरी नाही. मी कशावरून म्हणू की तुम्ही इथं राहता?"

मग त्यांनी तो कागद पुढं सरकवला. आजोबांच्या पुढं सरकवला होता तो.

"यावर सही केलीत तर कार्ड तुम्ही आपखुशीनं सोडलंत असं होईल. तुम्हाला कुणी अडकवणार नाही. पाहुण्यांचा व्हिसा काढून परत या, मुलीला भेटा. पुष्कळ लोक तेच करतात."

"आणि नाही केली तर?"

"तर तुम्हाला न्यायाधीशापुढं जावं लागेल. कदाचित ते काढून घेतील. कदाचित नाही. मला सांगता येणार नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, अंगठ्यानं त्याचं बटण दाबलं, आणि माझ्यापुढं धरलं.

टक्.

माझा हात पुढं गेला. खरं सांगते, गेला. हात त्या आवाजाला ओळखत होता. आवाज झाला की मोजे खणात ठेवायचे, फोन बंद करायचा, हो म्हणायचं. हातानं पेन घेतलं. पेन हलकं होतं, वर कुठल्याशा बँकेची जाहिरात होती.

नुसतं बटण होतं ते. आत एक स्प्रिंग.

मी पेन टिशूशेजारी आडवं ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"नक्की?"

"मी न्यायाधीशापुढं जाईन." माझे दात एकमेकांवर वाजत होते, त्यामुळे मला ते दोनदा म्हणावं लागलं.

बाईंनी पेन उचलून पुन्हा खिशात घातलं. सर्दीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कर भरलात?"

"भरला. तिकडूनच. मावशीच्या स्वयंपाकघरातून."

"इथलं लायसन्स?"

मी काढून दिलं.

"आणि ती मुलगी? ती कुणाकडे असते?"

मी खाली वाकले, बॅग उघडली. वरचं सगळं बाजूला केलं, तळातून आईची इरकल काढली आणि टेबलावर सोडायला लागले. मावशीनं पुन्हा पुन्हा गुंडाळलं होतं. साडी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागली आणि खोलीत मिरजेतल्या कपाटाचा वास पसरला. शेवटी आतून कागद निघाले.

बाईंनी उभ्या उभ्या वाचले. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. पाठ असलेली ओळ. आईनं त्याच गावात राहायला लागावं, नाहीतर मुलगी बापाकडे.

"हे कोर्ट म्हणतंय की तुम्ही इथं राहायलाच हवं," त्या म्हणाल्या. "आणि हे तुम्ही साडीत लपवून ठेवलं होतं?"

"हो."

"माझ्यापासून?"

"हो."

त्यांनी कागद उचलले आणि आतल्या दारानं गेल्या. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मी साडीची घडी घालत बसले. काठाला काठ जुळेना. पुन्हा सोडली, पुन्हा घातली.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शिक्का होता. तो पासपोर्टवर उमटवला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या वेळी इतकं राहायचं झालं तर निघायच्या आधी परवाना काढा. दुसरा कुणी असता तर ऐकता ना. या आता."

मी बॅग उचलली.

"आणि हे?" त्यांनी टिशूकडे बोट दाखवलं.

"नको."

त्यांनी चारी टोकं गोळा केली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकलं, सर्दीच्या कागदांवर. आवाजसुद्धा झाला नाही.

*

मिहिका पळत आली नाही. आधी चालत आली, मग जरा भराभर, आणि मग एकदम माझ्या पोटात डोकं घातलं. केवढी उंच झाली होती.

"आई, तुझ्या मानेला काय झालं?"

"घासलं काहीतरी. जाईल."

निरंजन खांबाजवळ उभा होता. हातात पार्किंगचं तिकीट. "सोडलं?" त्यानं विचारलं.

"हो."

"काय सांगितलंस त्यांना?"

"घटस्फोट झालाय म्हणून सांगितलं."

"आणि तरी सोडलं?"

तो दचकला होता. त्याचा तो चेहरा मी अजून आठवून आठवून पाहते. ठाऊक असलेला माणूस पकडला गेल्यावर असा दिसतो, की खरंच ठाऊक नसलेला माणूस असाच दिसतो? पाकिटं आली तेव्हा त्यालाही हे सगळं तेवढंच नवं होतं, त्यालाही त्या देशात कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. माझ्याकडे तेव्हा विचारायला जास्त महत्त्वाचं काहीतरी होतं.

"सांग ना," मी मिहिकाला म्हणाले, "कुठल्या बाई आल्यात तुला या वर्षी?"

आम्ही गाडीकडे निघालो. हेमांगीचं घर त्याच्या वाटेवर होतं, तो सोडणार होता. तो पुढं, आम्ही दोघी मागे. नव्या बाईंना भेटायचा दिवस शाळेत आधीच होऊन गेला होता, आणि मिहिका एका दमात सांगत होती. नव्या बाई, त्यांचा बोलका पोपट, तो वर्गात आणायची परवानगी मुख्याध्यापकांनी नाकारली तर बाईंनी काय केलं माहितीये, बाईंनी सरळ...

पुढं निरंजननं तिकिटाच्या कडेवर नख मारलं. मुद्दाम नसेल. सवयीनं.

टक्.

आणि मिहिका वाक्याच्या मधेच थांबली.

तोंड अर्धवट उघडं. खांदे वर गेलेले. डोळे बापाच्या पाठीवर. तिला कुठलं कार्ड, कुठली टाचणी, काहीच माहीत नव्हतं. तिचा तर जन्मच तिथला होता. तिला फक्त एवढंच माहीत होतं की हा आवाज झाला की घरातल्या बाईनं गप्प व्हायचं असतं.

मी बॅग जमिनीवर ठेवली. खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड येईल अशी.

"बोल," मी म्हणाले. जरा मोठ्यानं, पुढच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मग काय केलं बाईंनी?"